मदत हवी आहे: जुन्या नकाशांचे स्कॅन ऑटोकॅडमध्ये घेताना बारीक रेघा आणि आकडे जातात

मंडळी, गोव्यात म्हार्दोळजवळच्या एका राजांगणाच्या घराच्या दुरुस्तीचं काम आमच्याकडे आलं आहे. पुढचं चिऱ्यांचं घर जुनं आहे. मागची स्लॅबची बाजू १९८०च्या दशकात वाढवलेली. तेव्हाचे ट्रेसिंग पेपरवरचे नकाशे घरच्यांनी ट्रंकेत जपून ठेवलेत. बहुतेक ए-वन आकाराचे आहेत. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅड या नकाशे काढायच्या प्रोग्रॅमची फाइल) अर्थातच नाही. घरच्यांनी ते सगळे एका दुकानातून स्कॅन करून आणले आणि आम्हाला एकच पीडीएफ दिली.

ती पीडीएफ उघडली की बरी दिसते. पण ऑटोकॅडमध्ये खाली ठेवून वरून गिरवायला म्हणून तिची जेपीजी केली की गडबड सुरू होते. तुळईच्या डिटेलमध्ये रिंगांच्या (सळ्यांभोवतीच्या लोखंडी कड्यांच्या) व्यासाचा आकडा ६ आहे की ८, हेच कळत नाही. आकड्याचं पोट काळं भरून येतं आणि भोवती राखाडी ठिपके उठतात. छपराच्या नकाशावर वासे आणि पाटण्यांचे सांधे कुणीतरी नंतर पेन्सिलीने दुरुस्त केलेत, त्या रेघा तर पार पुसल्या जातात. शुद्ध काळा-पांढरा मोड लावला की शाईच्या रेघा टोकदार होतात, पण पेन्सिल संपूर्ण जाते. राखाडी ठेवलं तर पेन्सिल राहते, पण फाइल इतकी जड होते की ऑफिसचा संगणक पॅन करताना अडकतो.

सांध्यांच्या या दुरुस्त्या मला कुठल्याही परिस्थितीत हव्यात. सुताराने प्रत्यक्षात काय केलं, याची तेवढीच नोंद उरली आहे, आणि छत न उतरवता ते कळायला दुसरा मार्ग नाही. पीडीएफमधून चित्र जसंच्या तसं काढता येतं का? कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवू? स्केल कसं सांभाळू?

प्रतिसाद १

ताई, पीडीएफ हे नुसतं पाकीट आहे, आतलं चित्र वेगळं असतं. ‘जेपीजी म्हणून सेव्ह’ केलं की बहुतेक प्रोग्रॅम पान नव्याने रंगवतात, तेही बरेचदा १५० डीपीआयला (म्हणजे इंचाला १५० ठिपके). ०.२ मि.मी. पेनाची रेघ तिथे जेमतेम एक पिक्सेल भरते. ६०० डीपीआयला तीच जवळपास पाच पिक्सेल होते. वर जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबते (फाइल लहान करते), म्हणून काळ्या रेघेच्या कडेला ठिपके येतात. फोटोला ते चालतं, नकाशाला नाही.

पॉपलर नावाच्या पीडीएफ-साधनांच्या संचात पीडीएफइमेजेस नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. त्याला आधी ‘लिस्ट’ पर्याय द्या. प्रत्येक पानातल्या चित्राचे पिक्सेल, डीपीआय आणि दाबण्याची पद्धत दिसेल. मग ‘ऑल’ पर्यायाने चित्र आहे त्याच रूपात बाहेर येतं, पुन्हा दाबलं जात नाही.

यादीत ‘जेबिग२’ दिसलं तर मात्र थांबा. या पद्धतीच्या एका प्रकारात सारखे दिसणारे आकार एकच समजून एकाच्या जागी दुसरा छापला जातो. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रिझेल यांनी झेरॉक्स यंत्रावर घराचा नकाशा स्कॅन केला, तर २१.११ चौ.मी.ची खोली १४.१३ची होऊन आली. आकडा स्वच्छ, पण चुकीचा! रिंगांच्या बाबतीत हे फार घातक आहे. अशी पानं मूळ ट्रेसिंगवरूनच पुन्हा स्कॅन करा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. माझा सल्ला: ६०० डीपीआय, राखाडी, टिफ फॉरमॅट, एलझेडडब्ल्यू (काहीही न गमावता दाबण्याची पद्धत). ही मूळ प्रत, हिला हात लावायचा नाही. न दाबता ए-वनचं एक पान साधारण २८० एमबी होतं, पण ते हार्ड डिस्कवर पडून राहू दे. रोजच्या कामाला दोन प्रती काढा. शाईच्या पानांची एक-बिट (शुद्ध काळी-पांढरी), ग्रुप फोर पद्धतीने दाबलेली टिफ (हिच्यात काही गळत नाही आणि फाइल एकदम हलकी होते). पेन्सिलीच्या पानाची राखाडीच ठेवा, फक्त सांध्यांचे भाग कापून वेगळे जोडा. अख्खं पान लोड करायची गरजच नाही.

स्केलसाठी लिहिलेलं मोठं माप धरून अलाइन करा (चित्र त्या मापाला जुळवा), पण आडवं आणि उभं दोन्ही तपासा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कागद दोन्ही दिशांना सारखा ताणत नाही. आणि डीडब्ल्यूजीत चित्राचा फक्त पत्ता राहतो, तेव्हा पाठवताना ई-ट्रान्समिट (जोडलेली चित्रंही सोबत बांधणारी ऑटोकॅडची सोय) वापरा. साइटवर व्हॉट्सअ‍ॅपने द्यायचं तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. यादी काढून पाहिली. छपराचं पान जेपीजी आहे, १५० डीपीआय. तुळयांची पानं जेबिग२च निघाली! त्या आकड्यांवरून काहीही गिरवायचं नाही, असं ऑफिसात आत्ताच सांगितलं.

ट्रेसिंग कडेला ठिसूळ झालंय, रोलरमधून ओढायची भीती वाटते. फोंडा ते पणजी पट्ट्यात ए-वन ट्रेसिंग पारदर्शक कव्हरात घालून ६०० डीपीआय राखाडीत स्कॅन करून देणारं कुणी माहीत आहे का?