को-वर्किंगमध्ये डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालवून घेतात का? (जळगाव)

केळीबिल:
मंडळी, आमची सहा जणांची कंपनी आहे, जळगावात. केळीच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल असा सगळा पट्टा. काट्यावरचं वजन थेट कॉम्प्युटरमध्ये येतं, कटती (वजनातली ठरलेली घट) वजा होते, नवती (नव्या लागवडीचा माल) नाहीतर पिलबागचा (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेला माल) त्या दिवसाचा भाव लागतो आणि पावती निघते.

चार वर्षं एका बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत काढली. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की पोरं बनियनवर कोड लिहितात आणि कुलरचा मोक्याचा कोपरा सर्व्हरला द्यावा लागतो. आता घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, खोली त्यांना हवी आहे.

रिंग रोडला एक को-वर्किंग, म्हणजे अनेक कंपन्या वाटून वापरतात असं भाड्याचं ऑफिस, पाहून आलो. खुल्या हॉलमध्ये सीटला 4,500, सहा जणांची बंद केबिन 32,000, वर 18 टक्के जीएसटी. जागा झकास. एसी, काचा, बीन बॅगा आणि दर खांबावर 'कृपया हळू बोला'.

तिथंच घोडं अडलंय. आमचं गिऱ्हाईक ट्रक भरता भरता फोन करतं, मागे इंजिन चालू, हमालांचा गलका. ते ओरडतं म्हणून आमचा सपोर्टवालाही ओरडतो. तो यावलचा आहे, फोन बंद असला तरी त्याचं समोरच्याला ऐकू जाईल असा आवाज. दुसरं म्हणजे प्रिंटर. पावतीच्या तीन प्रती लागतात: शेतकऱ्याला, गाडीवाल्याला, स्वतःला. एका दाबात कार्बनवर तिन्ही काढायच्या तर सुया आपटून छापणारा डॉट मॅट्रिक्सच. टेस्टिंगला रोज तीस-चाळीस पावत्या निघतात आणि आवाज म्हणजे पत्र्यावर मक्याचे दाणे ओतल्यासारखा. मॅनेजर मॅडमना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "थ्रीडी प्रिंटर का?"

प्लॅटफॉर्म काट्याचा तर विषयच काढला नाही.

केबिन घ्यावी की चार सीटवर भागवावं? पत्ता बदलायची भानगड किती? आणि आमचा क्लाउड सर्व्हर फक्त ऑफिसच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) उघडतो, त्याचं काय?

हिशेबनीस_भुसावळ:
केबिनच घ्या, आणि करारात केबिनचा नंबर लिहून घ्या. नुसतं 'हॉलमधील सीट' लिहिलं की जीएसटीचा अधिकारी जागा पाहायला आल्यावर तुम्ही दाखवणार काय? चालवणारा स्वतःच भाडेकरू असेल तर मूळ मालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल आत्ताच मागा. पैसे भरल्यावर फोन उचलत नाहीत.

मुख्य जागा बदलली की 15 दिवसांत जीएसटीचा बदलाचा फॉर्म आरईजी-14 भरायचा. प्रायव्हेट लिमिटेड असाल आणि नोंदणीकृत कार्यालयही हलवत असाल तर 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे आयएनसी-22 फॉर्म. कंपनी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नाव आणि नोंदणीकृत पत्त्याचा बोर्ड बाहेर लागतो, मराठीतसुद्धा. बोर्ड लावू देतात का ते विचारा. 'आमच्या काचेची शोभा जाते' म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. भाड्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळेल, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तो वजा होईल, ती चिंता नको.

वायफाय_काका:
आयपीचं ऐका. तिथल्या सगळ्या कंपन्या बाहेर एकाच आयपीने दिसतात. तो सर्व्हरला उघडून दिलात तर शेजारच्या टेबलावरचा इन्शुरन्सवालाही तुमच्या दारात उभा. स्वतःचं वायरगार्ड लावा (व्हीपीएनचं, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी बंद रस्त्याचं सॉफ्टवेअर), सर्व्हर फक्त त्या व्हीपीएनला उघडा, मग पोरं घरून बसली तरी चालेल. अशा वायफायवर बहुतेक ठिकाणी एक लॅपटॉप दुसऱ्याला दिसत नाही. प्रिंटर यूएसबीनेच जोडा, नेटवर्कवर टाकायला जाऊ नका.

धुळ्याचा_पोऱ्या:
कसाले टेन्शन लेस भाऊ! प्रिंटर आन् काटा एखाद्या गिऱ्हाइकाच्याच गाळ्यावर ठेव. खरी धूळ, खरं व्होल्टेज, खरा मुनीम. तिथं चाललं की कुठंही चाललं. एसीत केलेलं टेस्टिंग सावद्याला जाऊन रडतं, हे मी भोगलंय.

केळीबिल:
पोऱ्या, बोललास खरं, पण रोज सावदा कोण करणार भो? महिन्यातून दोनदा जातोच.

दीड महिन्यानंतरचं सांगतो. केबिन घेतली. 32,000 ऐवजी 29,000, वर्षाच्या करारावर. करारात नंबर आहे, बोर्ड दाराशेजारी लागला, मराठी ओळ वर. व्हीपीएन काकांनी सांगितलं तसं, एका रविवारात झालं.

सपोर्टचा घोळ वेगळाच निघाला. जागा उघडते नऊला, आमचे फोन सुरू होतात सहाला. आता यावलवाला सकाळचे तीन तास घरून ओरडतो. त्याची आई म्हणते, पगार मलाही द्या.

प्रिंटर पँट्रीत, चहाच्या मशीनशेजारी बसवलाय. खाली जुनं फोम आणि रबरी मॅट, पावत्या दुपारी एक ते दोन, सगळे डबा खातात तेव्हा. पहिल्या दिवशी आसपासची पोरं गोळा झाली, कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडायला भांडली. मॅडमची अट एकच, शुक्रवारी बंद, त्या दिवशी पँट्रीत कुणाची तरी मीटिंग असते.

काट्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. गाडीच्या डिकीत पडून आहे.