अलेप्पी हाउसबोट: सहा माणसं, एक रात्र. बोट ठरवण्याआधी काय काय विचारावं?

सांगलीकर
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात केरळला चाललोय. नेत्रावती एक्सप्रेसने थेट अलेप्पीला उतरायचं, एक रात्र हाउसबोटीवर राहायचं आणि पुढे कुमरकोम, असा बेत आहे. चार मोठे आणि दोन मुलं (वय ६ आणि ११). आईचं वय ७३, गुडघे दुखतात, शिवाय ती पूर्ण शाकाहारी. बाकी आम्ही मासे खाणारे.

दोन बेडरूमच्या बोटीचे जे भाव आलेत त्यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे आणि फोटो सगळ्यांचे सारखेच दिसतात. एवढा फरक कशामुळे पडतो? बोट प्रत्यक्षात किती वेळ चालते? आईला चढायला-उतरायला जमेल का? मुलांच्या सुरक्षिततेचं काय बघायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

वेंबनाड_वारी
आधी तारीख बघा. साधारण २० डिसेंबर ते ५ जानेवारी हा तिथला सगळ्यात महाग पंधरवडा. मुक्काम २० च्या आत बसला तर त्याच बोटीचा भाव बराच खाली येतो.

आता चालण्याचा वेळ. जाहिरातीत दुपारी १२ ते सकाळी ९ असे २१ तास दिसतात. प्रत्यक्षात बोट १२ ला सुटते, एक-सव्वाच्या सुमारास जेवणासाठी तासभर काठाला लागते, मग साडेपाचपर्यंत चालते आणि रात्रभर उभी राहते. सकाळी नाश्त्यानंतर तासभर फिरून जेटीवर परत. म्हणजे हिशेब जेमतेम साडेपाच तासांचा. संध्याकाळी साडेपाचनंतर कोळी पाण्यात जाळी टाकतात, म्हणून बोटी थांबवाव्याच लागतात. सूर्यास्तानंतर बोट चालवू असं कोणी कबूल करत असेल तर तो एजंट सोडून द्या. दुपारी दोनला पोचलात तर वेळ भरून मिळत नाही, तेव्हा गाडीला उशीर होण्याची शक्यता धरा आणि शक्यतो आदल्या दिवशी अलेप्पीत पोचा. रेल्वे स्टेशन समुद्राच्या बाजूला आहे, हाउसबोटींची मुख्य जेटी (पुन्नमडा, फिनिशिंग पॉइंट) गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षाने १५-२० मिनिटं लागतात.

भावातला मोठा फरक एसीचा. स्वस्त बोटीत एसी रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच आणि तोही फक्त बेडरूममध्ये. दिवसभर एसी हवा असेल तर जनरेटर सतत चालवावा लागतो आणि त्याचं डिझेल तुमच्या भाड्यात धरलेलं असतं. डिसेंबरात पाण्यावर वारा असतो, त्यामुळे दुपारच्या एसीवर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत. त्याऐवजी हे विचारा: रात्री जिथे बोट बांधणार तिथे काठावरून वीज घेता की जनरेटर? काठाची वीज असेल तर रात्र शांत जाते. जनरेटर असेल तर आईला पुढच्या बाजूची खोली द्या. इंजिन, स्वयंपाकघर, जनरेटर सगळं मागच्या टोकाला असतं.

तिसरी गोष्ट मार्ग, आणि भाव पाडून देणारा नेमका इथेच डिझेल वाचवतो. बोट वेंबनाड तलावात एक चक्कर मारते आणि इतर पंचवीस बोटींच्या रांगेत जाऊन उभी राहते. पुन्नमडा, वेंबनाडचा मोकळा भाग, आर ब्लॉक (तलावात बांध घालून काढलेली शेती), कैनकरी गाव असा फेरा होणार का आणि मुक्काम कुठे, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तलावाचा मोकळा भाग अर्ध्या तासात बघून होतो. खरं कुट्टनाड (अलेप्पीभोवतीचा भातशेतीचा पाणथळ भाग) आहे ते कालव्यांच्या काठी. तिथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली, काही ठिकाणी दोन मीटरहून जास्त. खालच्या डेकवर बसलात तर फक्त बांध आणि माड दिसतात. वरच्या डेकवर गेलात की डावीकडे कालव्याचं पाणी आणि उजवीकडे त्याच्याही खाली पसरलेलं हिरवं शेत एका नजरेत दिसतं. डिसेंबरात पुंजा (तिथला मुख्य भातहंगाम) हंगामाचं भात कोवळं असतं. त्यामुळे वर बसायला लहानसा का होईना डेक असलेली बोट घ्या, पण झोपायच्या खोल्या खालीच हव्यात.

कोट्टायमवासी
आईंबद्दल. गर्दीच्या दिवसांत बोटी जेटीला शेजारी-शेजारी लागलेल्या असतात आणि आपल्या बोटीवर जायला दोन-तीन बोटी ओलांडाव्या लागतात. काठ आणि बोट यांच्यामध्ये फूटभर रुंदीची फळी, तीही कधी ओली. बुकिंग करतानाच सांगा की ज्येष्ठ व्यक्ती आहे, बोट थेट जेटीला लावा आणि चढताना दोन माणसं हाताला हवीत. सांगितलं तर करतात, ऐनवेळी अवघड जातं. बाथरूमचा उंबरा बऱ्याच बोटींत ८-१० इंच उंच असतो. आत कमोड आहे का आणि धरायला दांडा आहे का, याचा व्हिडिओ मागवा. फोटो नको, फोटो दुसऱ्याच बोटीचा निघतो.

जेवण बोटीवरच शिजतं. स्वयंपाकी एक, शेगड्या दोन, आणि तवा बहुतेक एकच. दुपारच्या जेवणात तळलेली करीमीन ठरलेली (गोव्याकडे हिलाच कालुंदर म्हणतात). काटे भरपूर, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाला सोलूनच द्या. आईंसाठी तवा, तेल आणि झारा वेगळा ठेवायला आदल्या दिवशी फोन करून सांगा. नुसतं ‘व्हेज’ म्हणालात तर मासळी तळलेल्या तेलातच पापड तळले जाऊ शकतात. अवियल, तोरन (दोन्ही नारळ घातलेल्या भाज्या), सांबार, सकाळी अप्पम आणि भाज्यांचा स्टू यांत आईंचं जेवण व्यवस्थित होतं. लाल जाड भात सोसत नसेल तर पांढरा तांदूळ मागा.

वाटेत बोट मासळीच्या टपरीवर थांबवतात. तिथली मोठी कोळंबी घ्यायची असेल तर आधी किलोचा भाव आणि बोटीवर शिजवून द्यायचे पैसे वेगळे आहेत का ते विचारा. नाही घेतली तरी काही बिघडत नाही.

संध्याकाळी सहाच्या आधी खोल्यांच्या खिडक्या बंद करायला लावा, डास त्याच वेळी आत येतात. मुलांना कालव्यात पाय सोडून बसू देऊ नका. पायाला जखम असेल तर अजिबातच नाही, कारण त्या भागात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) रुग्ण नियमित सापडतात.

डोलकाठी
सुरक्षिततेचं मी सांगतो.

पारंपरिक केट्टुवळ्ळम, म्हणजे हाउसबोटीची मूळ शिवलेली बोट, आंजिली लाकडाच्या फळ्यांची. फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवतात, सांध्यात काथ्या ठासतात आणि वरून काजूच्या टरफलाचं काळं तेल देतात. खिळा नसतो. ही शिवण ठरावीक काळाने उकलून पुन्हा करावी लागते. ती टाळली की सांध्यातून पाणी झिरपतं. चढल्यावर दहा मिनिटं कान द्या. तळातलं पाणी उपसणारा पंप अधूनमधून सुरू होणं ठीक, पण तो सारखाच चालू असेल तर बोट गळते आहे. बदलून मागा.

कागद दोन बघा: नोंदणी आणि चालू वर्षाचं सर्व्हे सर्टिफिकेट. त्यावर किती माणसांची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. तुम्ही सहा, मुलंही मोजली जातात. वरच्या डेकवर सगळे एकदम एका कडेला गेले की बोट कलते, कारण वजन उंचावर जातं. शेजारून दुसरी बोट जाताना फोटोसाठी नेमकं हेच होतं. वरच्या डेकवर एका वेळी किती माणसं चालतील ते स्रांकला, म्हणजे सुकाणूवरच्या माणसाला, विचारून घ्या आणि तेवढं पाळा.

लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाचं आहे का, हे आधी फोनवर विचारा. मोठ्यांचं जॅकेट सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निसटतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. कठड्याच्या दोन आडव्या दांड्यांमधून मूल जाईल एवढी फट अनेक बोटींत असते, तिथे दोरी किंवा जाळी बांधून द्यायला सांगा.

आणि आग. बांबू, सुकी चटई, गॅस सिलिंडर आणि जनरेटरचं वायरिंग, सगळं एकाच छपराखाली. अग्निशामक स्वयंपाकघराजवळ आहे का आणि त्याचा काटा हिरव्यात आहे का, एवढं बघाच. खोलीत निरांजन, उदबत्ती, डासांची जळती कॉइल लावू नका.

सांगलीकर
फार उपयोगी. दोन शंका राहिल्या. सकाळी बोटीने परस्पर कुमरकोमला सोडतील का? आणि मुलांना अगदी अरुंद कालवे बघायचेत.

वेंबनाड_वारी
सोडतात, पण बोट रिकामी परत आणावी लागते म्हणून जादा पैसे घेतात. त्यापेक्षा सकाळी ९ ला अलेप्पीत उतरा, रस्त्याने मुहम्मा गाठा आणि तिथून राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटीने तलाव ओलांडून कुमरकोम. साधारण पाऊण तास, तिकीट किरकोळ. सामान फार असेल तर मात्र टॅक्सी करा, तण्णीरमुक्कम बंधाऱ्यावरून वळसा पडतो.

अरुंद कालव्यांत हाउसबोट जातच नाही. मुक्कामाला बोट लागली की किंवा दुपारच्या थांब्यावर तासाभरासाठी वल्ह्याची होडी ठरवा. मोटर असलेली शिकारा नको, तिच्या आवाजाने खंड्या आणि पाणकावळे आधीच उडून जातात. एक लक्षात ठेवा: समुद्राचं खारं पाणी भाताला लागू नये म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून बंधाऱ्याची दारं बंद करतात. पाणी गोडं आणि संथ झालं की जलपर्णी माजते आणि बोटीच्या पंख्यात अडकते. त्यामुळे एखाद्या कालव्यात ‘आज जाता येत नाही’ असं स्रांक म्हणाला तर ती टाळाटाळ असेलच असं नाही. तिथे होडी जाते का ते विचारा.

कोट्टायमवासी
२० च्या आतली तारीख जमली नाही आणि अलेप्पीचे भाव आवाक्याबाहेर गेले तर उत्तर केरळातलं वलियपरंबा बघा, कासरगोड जिल्ह्यात. बोटी कमी आहेत, गर्दी त्याहून कमी, आणि तुमची नेत्रावती त्याच वाटेने जाते. पय्यनूरला उतरायचं. फक्त तिथे बोटी मोजक्या असल्याने आयत्या वेळी मिळत नाहीत, किमान महिनाभर आधी ठरवा आणि आईंच्या फळीचं, तव्याचं तिथेही सांगून ठेवा.