गुहेतली चित्रं नेमकी कशासाठी काढली असतील?

खानापूरकर:
सुट्टीत पोरांना घेऊन चोर्ला घाटातनं गोव्याला गेलतो, तिथं उसगाळीमळला कुशावती नदीकाठच्या कातळावर बैल, हरणं आणि एक गोल गोल चक्रव्यूह कोरलाय, पाय निघेना तिथनं. धाकटी विचारायली, बाबा हे कशाला काढलंय? मला सांगता आलं नाही. गुहेतली चित्रं पण शिकार मिळावी म्हणूनच काढत होते काय?

निपाणीवाला:
शाळेत आम्हाला तेच शिकवलेलं, पण फ्रान्समधली लास्कोची गुहा बघा, १९४० ला सापडली, तिथं हाडं मिळाली ती बहुतेक रेनडिअरची आणि भिंतीवर घोडे नि बैल, रेनडिअर एखादाच. म्हणजे जे खात होते ते काढलंच नाही! शिकारीचं उत्तर मला तरी अपुरं वाटतं.

बेळगावची माई:
मला हाताचे ठसे फार जवळचे वाटतात. भिंतीवर पंजा टेकवायचा, वरनं तोंडानं रंग फुंकायचा, हात काढला की मोकळी जागा राहते. काही ठिकाणी लहान पोरांचे पण हात आहेत, कुणीतरी उचलून धरलं असेल की. आमच्या घरभरणीला आजीनं दारावर कुंकवाचा पंजा उमटवलेला, करंगळीची रेघ अजून दिसते. विचारलं तर म्हणायची, आता घर आपलं झालं.

निपाणीवाला:
माई, हे पटलं बघा. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांत, पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी १९५७ ला शोधल्या त्या, जुन्या चित्रांवर नवी काढलीत, हजारो वर्षं. मग सगळ्यांचं कारण एकच कसं असेल? खानापूरकर, परत गेलात तर ऊन कलल्यावर जावा, कोरलेल्या रेषा तेव्हा उठून दिसतात.