साडेचारशे वर्षांचं देऊळ आणि कमानीतली सळई

जुनं खोड: काल इथेच कुणीतरी आपल्या वसईतल्या एका देवळाचा, म्हणजे चर्चचा, फोटो टाकून लिहिलंय, "पोर्तुगीजांनी बांधलेली भिंत, साडेचारशे वर्षं जशीच्या तशी." अरे बाबांनो, दर्शनी भिंतीवरचं साल धर्मग्रामाचं (पॅरिशचं) असतं, इमारतीचं नाही! १५३४ला वसई पोर्तुगीजांकडे गेली, देवळं उभी राहिली, १७३९ला चिमाजी अप्पांची स्वारी, त्यात बरीच पडझड, मग लोकांनी वर्गण्या काढून बांधली, वाढवली, परत पाडून वाढवली. फोटोत कमानीतून सळई डोकावतेय ती काय लिस्बनहून आली? जुनं काही असेल तर मागची दफनभूमी आणि फादरांच्या कपाटातली रजिस्टरं. त्यांचा एक फोटो नाही.

पानवेल: पोस्ट माझी. आजोबांनी सांगितलं तेच लिहिलं, एवढं टाकून बोलायची गरज नव्हती. आणि देवळाचं वय विटांवरून मोजता का? पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी मिस्सा (चर्चमधली उपासना) होतेय ना.

मेणबत्ती: दफनभूमी जुनी? कुठे? काही वर्षं गेली की कबर उकरतात, हाडं सामायिक खड्ड्यात, जागा दुसऱ्याला. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आजीसाठी फुलं घेऊन गेले तर तिथे भलत्याचाच क्रूस. कळवायचं पण नाही कुणी? रडले तिथेच, शेवटी त्या अनोळखी माणसाला मेणबत्ती लावून आले.

सरळबोल: वाईट वाटलं ताई, पण जागा आणायची कुठून, गाव वाढलं, कुंपण तेवढंच.

मेणबत्ती: मग संगमरवरी ओटेवाल्यांना का नाही हलवत? त्यांना बरी जागा पुरते.

दादूस: हे आजचं नाही. किल्ल्यातल्या पडक्या देवळांत बघा, जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या शिळा, सगळी बडी मंडळी. आपल्या शेतकऱ्या-कोळ्यांना दगड तेव्हाही नव्हता. त्यापेक्षा दहन करा, १९६३ पासून चर्चची मनाई नाही.

मेणबत्ती: तुमचं तुम्ही करा दहन. माझ्या आजीला मातीच हवी होती.

घंटावाला: विषय भरकटला. चिमाजी अप्पांच्या स्वारीत इथल्या देवळांतून नेलेल्या आपल्या घंटा परत कधी आणायच्या ते बोला. नाशिकची नारोशंकराची, भीमाशंकरची, मेणवलीची...

सरळबोल: आला हा. कुठलाही धागा काढा, घंटा आहेच.

जुनं खोड: मेणबत्तीताई, तुमचं मान्य, दफनभूमी जुनी म्हणालो ते घाईत. पण मृतांची नोंद ठेवायचा नियम १६१४च्या रोमन विधिग्रंथापासूनचा आहे, कबर गेली तरी रजिस्टरात नाव असणार. जाऊन मागा.

मेणबत्ती: मागितलं होतं. वाळवी लागली म्हणाले.

जुनं खोड: ...

पानवेल: घ्या, पोस्टमधली "भिंत" खोडून "जागा" केली. खूश? आणि त्या सळईला हसू नका, आमच्या आजोबांच्या वर्गणीची आहे ती.