चिन्हांच्या जागी चौकोन दिसले की गिऱ्हाइकाला 'ब्राउझर बदला' म्हणून सांगायचं का?

हळदपेठ_सांगली

मी सांगलीत लहान दुकानदारांना वेबसाइट करून देतो. अडते, मसाल्याच्या गिरण्या, एकदोन बेदाणा व्यापारी. मागच्या महिन्यात मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याच्या गादीवर बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. जतहून गिऱ्हाईक बोलत होतं. "मालक, तुमच्या पानावर खाली तीन चौकोन दिसत्यात. त्यातला फोनचा कुठला आणि मागणीचा कुठला?"

ते पान मीच केलेलं. खाली तीन चिन्हं होती, फोन, व्हॉट्सॲप आणि नकाशा. सोबत एकही शब्द नाही. माझ्या मोबाइलवर तिन्ही स्वच्छ दिसत होती. मालकांच्या मुलाच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये दिसली, फायरफॉक्समध्ये मात्र तीन रिकामे चौकोन. मी जागेवरच निकाल देऊन टाकला की फायरफॉक्सचा घोळ आहे, क्रोम वापरा म्हणावं. मालकांनी तसं सांगितलं. पलीकडचा माणूस "बरं बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मागणी आली नाही.

रात्री घरी एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडला आणि फक्त फॉन्टच्या फाइली बघितल्या. ती तीन चिन्हं मी एका खास चिन्हांच्या फॉन्टमधून घेतली होती. त्या फॉन्टची ओळ लाल. कन्सोलमध्ये निरोप होता की ही फाइल दुसऱ्या ओरिजिनवरची, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरची आहे आणि सर्व्हरने परवानगी दिलेली नाही. कारण असं निघालं: पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या फाइलीत मी फॉन्टचा पूर्ण पत्ता लिहिला होता, पुढच्या तीन डब्ल्यूंशिवाय. ज्यानं तीन डब्ल्यू लावून पान उघडलं, त्याच्या ब्राउझरच्या लेखी माझा फॉन्ट परक्या ठिकाणचा. साधा फोटो परक्या ठिकाणाहून आला तरी दिसतो, फॉन्टला मात्र त्या सर्व्हरची परवानगी लागते. म्हणून राजापुरी हळदीचे फोटो झकास दिसत होते आणि चिन्हं तेवढी गायब.

मग क्रोममध्ये का दिसत होती? मुलगा तिथे दोन अक्षरं टाकायचा आणि तीन डब्ल्यू नसलेला पत्ता आपोआप पुरा व्हायचा. फायरफॉक्समध्ये त्यानं बुकमार्क करून ठेवला होता, तो तीन डब्ल्यूंचा. ब्राउझर दोन्ही नियमाप्रमाणेच चालत होते. चूक माझी होती, आणि मी ती गिऱ्हाइकाच्या अंगावर ढकलली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. चिन्हांसाठी फॉन्ट वापरणं सोडावं, एसव्हीजी, म्हणजे कोडमध्येच लिहिलेलं चित्र, थेट पानात घालावं. आणि ज्या चिन्हावर माणसाला दाबायचं आहे, त्याच्याशेजारी मराठी शब्द असलाच पाहिजे. 'ब्राउझर बदला' हे उत्तर तर कधीच देऊ नये. तुमचं काय म्हणणं?

मिरज_सर्व्हर

साफ अमान्य. चूक सीएसएसच्या एका ओळीत आणि फाशी फॉन्टला?

दादा, तुमचा रोग दोन मिनिटांत बरा होतो. फॉन्टचा पत्ता पूर्ण लिहू नका, नुसता फोल्डरपासून लिहा. आणि तीन डब्ल्यूंचा असो की बिनडब्ल्यूंचा, एकच पत्ता ठेवून दुसऱ्यावरून त्याच्यावर वळवा. फॉन्ट वेगळ्या सर्व्हरवर असेल तर तिथे अॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हा हेडर, म्हणजे फाइलीसोबत जाणारी परवानगीची ओळ, लावा. विषय संपला.

एसव्हीजी म्हणजे सगळ्यावर औषध नव्हे. सर्व्हरने एसव्हीजीची फाइल चुकीच्या प्रकाराने पाठवली, म्हणजे साधा मजकूर म्हणून, तर तीही चित्र म्हणून दिसत नाही. सगळी चिन्हं एका फाइलीत ठेवून 'यूज' ह्या टॅगने पानात ओढायची म्हटलं आणि ती फाइल दुसऱ्या डोमेनवर असली, तर ब्राउझर ती आणतच नाही. तिथे हेडर लावूनही उपयोग नाही. फॉन्टला निदान परवानगीचा रस्ता आहे. आणि तीस चिन्हं प्रत्येक पानात भरली की पान दरवेळी तेवढं जड होतं. फॉन्ट एकदा उतरला की कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात राहतो.

मी सर्व्हर सांभाळतो. चिन्हं दिसत नाहीत अशा तक्रारींत नव्वद टक्के वेळा कारण किरकोळ असतं. विंडोजच्या मशीनवर फाइलीचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं चालून जातं, लिनक्सवर लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात आणि फाइल सापडत नाही. करणाऱ्याला कळत नाही, कारण त्याच्या ब्राउझरच्या कॅशमध्ये जुनी फाइल असते आणि त्याला सगळं दिसत राहतं. जुन्या आयआयएसला, म्हणजे विंडोजच्या वेब सर्व्हरला, वॉफ-२ हा फॉन्टच्या फाइलीचा प्रकार सांगितलेला नसतो. फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर आहे आणि सर्व्हर म्हणतो ४०४, सापडत नाही. फॉन्ट ऑसम ह्या चिन्हांच्या फॉन्टच्या पाचव्या आवृत्तीपासून भरीव चिन्हांना फॉन्ट-वेट (जाडी) ९०० लागतं, ते लिहायचं राहिलं की पुन्हा चौकोन. हे सगळं शोधून काढायचं असतं. ते न करता फॉन्टच टाकून देणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं.

तासगावचा_बेदाणा

मला ह्यातलं कोडिंग कळत नाही, पण त्या जतच्या पाव्हण्याच्या जागी मी आहे. आमचा मळा रस्त्यापासून आत. रेंज धड नाही. म्हणून मी ओपेरा मिनी वापरतो, त्यात डेटा बचतीचा जास्तीत जास्त मोड लावून. त्याबिगर पान उघडतच नाही. आणि निम्म्या साइटींवर मला चौकोनच दिसतात. औषधांच्या दुकानाची साइट, ट्रॅक्टरच्या पार्टची साइट, सगळीकडं.

मिरजकर, तुमचं हेडर का काय ते लावल्यावर मला चिन्हं दिसतील का? तेवढं सांगा.

मिरज_सर्व्हर

नाही दिसणार. त्या मोडमध्ये पान त्यांच्या सर्व्हरवर तयार होऊन, दाबून, तुमच्याकडे येतं. वेब फॉन्ट त्यात येतच नाही. पण तो तुम्ही निवडलेला मार्ग आहे, साइट करणाऱ्याचा दोष नव्हे.

तासगावचा_बेदाणा

निवडला नाही साहेब. रेंजनं निवडायला लावला.

विटा_कोडर

मिरज_सर्व्हर यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. पाच-सात हजारांत आख्खी साइट मागणारी गिऱ्हाइकं आहेत आपली. त्यात ओपेरा मिनीवाला सांभाळा, विंडोज ७ वाला सांभाळा, हे कुठवर करायचं? आणि मराठी शब्द म्हणाल तर मोबाइलच्या खालच्या पट्टीत पाच चिन्हं मावतात, पाच शब्द मावत नाहीत. 'आमच्याशी संपर्क साधा' लिहिलं की पट्टी फुटलीच. मालकाला साइट देखणी हवी असते.

हळदपेठ_सांगली

विटा_कोडर, विंडोज ७ चं नाव सगळेच घेतात, म्हणून आधी तेवढं. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे १०९, जानेवारी २०२३ चं. वॉफ-२ फॉन्ट क्रोमला ३६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून कळतो. फायरफॉक्सला २०१५ पासून. म्हणजे त्या जुन्या मशीनवरही चिन्हं दिसायला हवीत. दिसत नसतील तर कारण दुसरंच आहे. 'तुमचं मशीन जुनं आहे' म्हटलं की आपला शोध थांबतो, माझाही तसाच थांबला होता.

दुसरं, नव्या मशीनवरही चिन्हं जातात. जाहिराती रोखणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनमध्ये बाहेरचे फॉन्ट रोखायची सोय आहे. आयफोनला २०२२ मध्ये लॉकडाउन मोड आला, तेव्हा तो लावला की वेब फॉन्ट बंद व्हायचे. ही माणसं मागासलेली नाहीत, सावध आहेत.

आणि मिरज_सर्व्हर, तुमची यादी शंभर टक्के खरी आहे, मी ती उतरवून घेतली. पण फॉन्ट आला नाही की पुढे काय होतं ते बघा. युनिकोडमध्ये ६,४०० जागांचा एक खासगी पट्टा आहे. तिथल्या जागांना अर्थ ठरवून दिलेला नाही. चिन्हांचे फॉन्ट करणारे तिथे आपापला फोन, आपापली गाडी बसवतात. पानात 'फ' लिहिलं आणि माझा फॉन्ट पोचला नाही, तर मोबाइलमधला दुसरा देवनागरी फॉन्ट धावून येतो. अक्षर जरा वेगळं दिसेल, पण वाचता येईल. खासगी पट्ट्यातल्या जागेसाठी कोण धावून येणार? तिथे काय होतं हे त्या एका फॉन्टशिवाय कुणालाच माहीत नाही. म्हणून चौकोन. थेट पानात घातलेलं एसव्हीजी पानाबरोबरच येतं, वेगळी फाइल मागवावी लागत नाही, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे.

पट्टीचं म्हणाल तर 'आमच्याशी संपर्क साधा' कशाला? 'फोन' लिहा. 'नकाशा', 'मागणी', 'दर'. दोन-तीन अक्षरांचे शब्द आहेत आपल्याकडे.

विश्रामबाग_मास्तर

मला दिसत नाही, मी पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक लावून मोबाइल वापरतो. तुमच्यापैकी काहींना चौकोन कधीतरी दिसतात, मला ते रोजच ऐकू येतात. "बटण. बटण. बटण." तीन बटणं, तिन्हींना नाव नाही. एकदा वीजबिल भरताना नाव नसलेलं बटण दाबलं आणि भरलेला सगळा फॉर्म पुसला गेला. फॉन्ट की एसव्हीजी हा वाद माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. नाव न दिलेलं एसव्हीजीसुद्धा माझ्यासाठी मुकंच. चिन्हाला कोडमध्ये एरिया-हिडन लावून टॉकबॅकपासून लपवा आणि बटणात शब्द लिहा. जागा नसेल तर निदान एरिया-लेबल, म्हणजे न दिसणारं पण ऐकू येणारं नाव लिहा, मराठीत.

विटा_कोडर

मास्तर, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मी करत नव्हतो हे खरं. उद्यापासून लेबल लिहितो.

इथे जाणकार आहेत म्हणून एक विचारतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या साइटवर चिन्हांच्या जागी चौकोन नाही, चक्क मराठी शब्द येतात. भिंगाच्या जागी 'शोध', घराच्या चिन्हाच्या जागी 'घर', कचरापेटीच्या जागी 'हटवा'. तेही काही जणांनाच, आणि क्रोममध्येच. मी असे शब्द कुठेही लिहिलेले नाहीत. साइट पूर्ण इंग्रजीत आहे. सर्व्हर तपासला, हेडर तपासले, फॉन्टची फाइल २०० ने, म्हणजे बिनचूक, येते. दोन आठवडे डोकं फोडतोय.

कृष्णाकाठ

गूगलचा मटेरियल आयकॉन्स हा चिन्हांचा फॉन्ट वापरताय ना? त्या फॉन्टमध्ये पानात चिन्हाचं इंग्रजी नावच लिहिलेलं असतं, 'होम', 'सर्च', 'डिलीट', आणि त्या अक्षरांच्या जोडणीला फॉन्ट चित्राचं रूप देतो. आपण जोडाक्षर बघतो ना, क आणि ष मिळून क्ष, तशीच ही सोय. आता वाचणाऱ्यानं क्रोममध्ये पानाचं मराठी भाषांतर चालू केलं की भाषांतर करणारा ते नावही मजकूर समजून बदलतो. 'होम'चं 'घर' झालं. 'घर'साठी फॉन्टमध्ये चित्र नाही. झालं.

चिन्हाच्या टॅगला ट्रान्सलेट 'नो' लावा, किंवा नोट्रान्सलेट हा क्लास द्या. पुढच्या वेळी तपासताना स्वतःच्या क्रोममध्ये भाषांतर चालू करून बघा.

विटा_कोडर

लावलं. चिन्हं आली. आभार.

पण हे लावताना एक सुचलं. त्या लोकांना 'घर', 'शोध', 'हटवा' हे शब्द दिसत होते तेव्हा तक्रार फक्त 'दिसायला वाईट' एवढीच होती. कुठं दाबायचं ते कळत नाही, असं कुणी म्हणालं नव्हतं.

कृष्णाकाठ

तेच. माझं मत हळदपेठ यांच्याहून थोडं वेगळं आहे. दुकानाच्या साइटवर चौकोन दिसला तर फार तर मागणी बुडेल. पण पुराच्या दिवसांत आपण काय बघतो? सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ ला इथल्या माणसानं ते आकडे किती वेळा बघितले ते इथल्याच माणसाला विचारा. असल्या पानावर आकडा न लिहिता नुसता लाल त्रिकोण ठेवला, रेंज कमी, फॉन्ट उतरला नाही, तर म्हातारी आई सामान बांधायचं की नाही ते कशावरून ठरवणार? अशा पानांवर नुसतं चिन्ह ठेवायला बंदीच हवी. हळदीच्या दुकानाला मी एवढा आग्रह धरणार नाही.

तासगावचा_बेदाणा

हळदीच्या दुकानालाबी धरा की. मागणी माझीच बुडतीय.

मिठारामचा_नातू

मधेच विचारतो. टॅबवरचं लहान चिन्ह बदललं, तरी काहींना जुनंच दिसतंय. ते ह्यातच येतं का?

मिरज_सर्व्हर

ते वेगळं. फॅव्हिकॉन ब्राउझर स्वतंत्र साठवून ठेवतात, पान ताजं केलं तरी जुनं राहतं. फाइलीचं नाव बदलून नवा पत्ता द्या.

आता मुद्द्यावर. मास्तरांचं पटलं, शब्दाचं पटलं. तासगावकरांना मी वर जे 'तुम्ही निवडलंय' म्हणालो ते मागे घेतो, ते बरोबर नव्हतं. पण फॉन्ट मी सोडणार नाही. शब्द शेजारी असेल तर चिन्ह आलं काय, न आलं काय, काम अडत नाही. मग जी वस्तू मला नीट सांभाळता येते ती का टाकू?

हळदपेठ_सांगली

शब्द असेल तर माझा अर्धा विरोध तिथेच मावळतो. अर्धा उरतो, कारण 'फोन' शब्दाच्या डाव्या बाजूला रिकामा चौकोन राहिला की गिऱ्हाइकाला वाटतं साइट बिघडलीय, इथं पैसे भरावेत का. मी ते गादीवर बसून बघितलंय.

एक करूया. तुम्ही सांभाळता त्यातली कुठलीही एक साइट घ्या, यूब्लॉकमध्ये बाहेरचे फॉन्ट रोखा आणि मोबाइलचा नेट टू-जीवर ठेवून तिच्यावरून एक मागणी टाकून बघा. मी माझ्या तीन साइटींवर हेच करतो, एसव्हीजीवाल्यांवरसुद्धा. जिथे अडकू ते दोघांनीही इथे लिहायचं.

मिरज_सर्व्हर

चालेल. रविवारी करतो. टॉकबॅक लावूनही बघतो, मास्तर, कसं लावायचं ते तेवढं सांगा.

विश्रामबाग_मास्तर

सेटिंगमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' उघडा, तिथे टॉकबॅक सापडेल. चालू केल्यावर एका बोटानं सरकवा म्हणजे पुढची वस्तू वाचली जाईल, आणि उघडायला दोनदा टिचकी मारा. बंद कसं करायचं ते आधी वाचून ठेवा. आणि बघताना स्क्रीनवर फडकं टाका.