माणूस धुरासारखा विरून जातो असा शॉट रिझॉल्व्हमध्ये कसा करावा? सल्ला हवा

ओसरी_कसबा
नमस्कार मंडळी. माझे आजोबा, अप्पा, गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला घरचे सगळे जमतील तेव्हा दाखवायला मी चार मिनिटांची फिल्म करतेय. कसबा पेठेतल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा होता. संध्याकाळी घरभर धूप फिरवून झाला की अप्पा त्यावर येऊन बसायचे. शेवटचा शॉट तोच आहे. अप्पा झोपाळ्यावर बसलेत (काम काकांनी केलंय, बसण्याची ढब अगदी तीच) आणि बसल्या जागी धुपाच्या धुरासारखे विरून जातात.

डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरते. लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. क्रॉस डिझॉल्व्ह (एक चित्र फिकं होत दुसरं उमटतं तो) लावून वर धुराची तयार क्लिप टाकून पाहिली. अप्पा नुसतेच फिके होत जातात आणि धूर दुसरीकडूनच आल्यासारखा दिसतो. एका ओळखीच्या एडिटरने टेम्प्लेट लावून दिलं, त्यात अंगाचे काळे तुकडे होऊन उडतात. आई ते बघून काही न बोलता आत निघून गेली. मला ते नकोय. शांत हवंय.

कॅमेरा ट्रायपॉडवर होता, २५ फ्रेमवर. रिकाम्या झोपाळ्याचा शॉट मात्र घ्यायचा राहिला. वाडा आता पुनर्विकासाला गेलाय, पत्रे लागलेत, तिथे पुन्हा शूट होणार नाही. आफ्टर इफेक्ट्स (इफेक्ट्सचं विकतचं सॉफ्टवेअर) घ्यावं लागेल का? हातात तीन आठवडे आहेत.

नळस्टॉप
आफ्टर इफेक्ट्सचे पैसे भरू नका. रिझॉल्व्हमध्येच फ्यूजन हा इफेक्ट्सचा विभाग आहे, २०१८ मध्ये आलेल्या १५व्या आवृत्तीपासून, आणि फुकटवाल्यातही आहे. तुमच्या कामाला तेवढं पुरतं.

एक सांगा, काका उठून गेल्यावर कॅमेरा किती वेळ चालू होता? मूळ क्लिप बघा, एडिटमध्ये कापलेली नको.

ओसरी_कसबा
बघितली. काका फ्रेमबाहेर गेल्यावर १९ सेकंद चालू आहे! पण ते उठताना झोपाळा हलला, तो हलतोच आहे. शेवटची तीन-चार सेकंदं जवळजवळ थांबलेला दिसतो.

नळस्टॉप
मग तुमचं क्लीन प्लेट, म्हणजे माणूस नसलेला रिकामा शॉट, तुमच्याकडेच आहे. आता काळजी नाही.

उकाराम्बा
ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये खरा धूर बनवता येतो. २.८२ आवृत्तीपासून त्यात धुराचं सिम्युलेशन करणारं मॅन्टाफ्लो आहे, फुकट आहे.

चौकट२५
ब्लेंडर चांगलंच आहे, पण ग्राफिक्स कार्ड नसताना तीन आठवड्यांत धुराचं सिम्युलेशन शिकून बेक करणं (मशीनकडून गणित करून साठवणं), नको. ताई, मी काय केलं असतं ते सविस्तर सांगतो.

तुमचं निदान अर्धं बरोबर आहे. खरी चूक धुरात नाही, अप्पांच्या जाण्यात आहे. क्रॉस डिझॉल्व्हमध्ये सगळा माणूस एकाच वेळी, सारखाच फिका होतो. धूर तसा जात नाही. तो आधी कडेने सुटतो, मधेच विरळ होतो, एखादा पदर रेंगाळतो. म्हणून अप्पांना आधी कडेपासून कुरतडायचं आणि मग त्यावर धूर ठेवायचा. पहिलं जमलं तर धूर अगदी थोडा लागतो.

फ्यूजनमध्ये एकेक काम करणारे डबे एकमेकांना जोडायचे असतात, त्यांना नोड म्हणतात. आधी दोन चित्रं एकावर एक ठेवणारा मर्ज नोड घ्या. पिवळ्या इनपुटला रिकामा झोपाळा, हिरव्याला अप्पा. आधी मर्जचा मोड डिफरन्स करून बघा. दोन्ही चित्रं जुळली असतील तर अप्पा सोडून सगळं काळं दिसेल. झोपाळ्याच्या कडेला उजळ रेघ दिसली तर प्लेट एखाददोन पिक्सेल सरकवा. संध्याकाळचा उजेड १९ सेकंदांतही थोडा बदलतो, तोही इथेच कळेल. मग मोड परत नॉर्मल.

आता फास्टनॉइझ नोड. कॉन्ट्रास्ट वाढवा, ढगांसारखे डाग दिसतील. त्यापुढे बिटमॅप नोड लावून चॅनल ल्युमिनन्स करा आणि तो मर्जच्या निळ्या मास्क इनपुटला जोडा (मास्क म्हणजे वरचं चित्र कुठे दिसावं ते ठरवणारं काळं-पांढरं चित्र). सुरुवातीला ब्राइटनेस इतका ठेवा की सगळं पांढरं, म्हणजे अप्पा पूर्ण दिसतात. तीन सेकंदांत तो हळूहळू उतरवत पूर्ण काळ्यावर आणा. अप्पांना भोकं पडत जातील आणि मागची भिंत दिसू लागेल. सीद रेट थोडा ठेवला की डाग स्वतःही हलत राहतात. कडा करकरीत वाटल्या तर बिटमॅपनंतर ब्लर.

अप्पांना बारीक कापत बसायची गरज नाही. मागची भिंत दोन्हीकडे तीच आहे, म्हणून त्यांच्याभोवती ढोबळ पॉलिगन, म्हणजे हाताने काढलेली मास्कची रेघ, पुरे. पण विरताना अंग थोडं वर ओढल्यासारखं दिसावं म्हणून डिस्प्लेस नोड लावलात, तर भिंतही ओढली जाते. तेव्हा नीट कापावं लागेल. फुकट आवृत्तीत माणूस आपोआप कापणारा मॅजिक मास्क नाही, हाताने पॉलिगन काढा. तीन सेकंद म्हणजे ७५ फ्रेम, पण माणूस बसूनच आहे, आठ-दहा कीफ्रेममध्ये (जिथे आकार हाताने बसवायचा त्या फ्रेम) भागेल.

आधी काय जावं हे मात्र तुम्ही ठरवायचं. सॉफ्टवेअरवर सोडू नका. अप्पांचा हात झोपाळ्याच्या कडीवर आहे का? असेल तर हाताला वेगळा मास्क देऊन तो सगळ्यात शेवटी जाऊ द्या. चेहरा मधे कुठेतरी जावा. आधी भोकं चेहऱ्याला पडली तर ते घरच्यांना बघवणार नाही.

प्रीव्ह्यू अडखळेल. टाइमलाइन प्रॉक्सी (प्रीव्ह्यूचं रिझोल्यूशन) हाफ किंवा क्वार्टरवर ठेवा, आणि तुकडा रेंडर करूनच वेग तपासा. अडखळत्या प्रीव्ह्यूवरून वेग कधीच ठरवू नका. पिक्सेलमधून कण सोडणारा पी-इमेज-एमिटर तुमच्या मशीनवर टाळा.

धूपछाव
धूर स्वतः शूट करा, तयार क्लिप नको. अप्पांचाच धूप वापरा.

मागे काळं मखमली कापड, नसेल तर काळी शाल. धूप कापडापासून दोन-तीन फूट पुढे, म्हणजे कापडावर उजेड पडत नाही. दिवा धुराच्या मागून बाजूने, आणि ओसरीवर उजेड ज्या बाजूने येत होता त्याच बाजूने. पंखा बंद, खिडक्या बंद, फोनचं एक्स्पोजर लॉक. ५० फ्रेमवर घेऊन २५ वर वाजवा, धूर निम्म्या वेगाने चालेल. ट्यूबलाइट असेल तर शटर १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर जुळलं नाही तर धुरात पट्टे येतात. धुराची रेघ सरळ वर जायला लागली की बाजूने तळहात एकदाच हळू फिरवा. तिथे जो पदर सुटतो तोच तुमचा शॉट.

मग कंपोझिट मोड स्क्रीन, काळं आपोआप जातं. रंग मात्र बघा. ताजा धूर काळ्यासमोर निळसर दिसतो, कारण बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. ओसरीवर संध्याकाळचा पिवळा उजेड असेल तर तो निळेपणा उपरा वाटेल. थोडा उबदार करा, आणि धूर जिथे अंग विरतंय तिथेच ठेवा.

ओसरी_कसबा
हात कडीवरच आहे! अप्पांची खरी सवय होती ती, काकांनी आठवणीने धरलाय.

नळस्टॉप
मला रात्री एक सुचलं. शेवटची सेकंदं झोपाळा हलत हलत थांबतो ना? तो तुकडा उलटा चालवा. अप्पा विरतात तेव्हा झोपाळा स्थिर, आणि ते गेल्यावर तो अगदी किंचित हलायला लागतो. नुकताच कोणीतरी उठून गेल्यासारखा. सेकंद-दीड सेकंदच ठेवा, जास्त नाही, नाहीतर झोके वाढताना दिसतील. मागे तुळशीची पानं किंवा पक्षी आहे का तेवढं तपासा, उलटं चाललेलं तिथे उघडं पडतं.

चौकट२५
हे फारच छान. नक्की करा.

रूमटोन
आवाजाकडे दुर्लक्ष नको. सूं-सूं असा इफेक्ट घालू नका. त्याच १९ सेकंदांतला ओसरीचा आवाज खाली सलग चालू द्या, अप्पा जाताना तो तुटता कामा नये. कड्यांची कुरकुर त्यात असेलच. ती उलटी न करता सरळ ठेवा आणि झोपाळा हलतो तिथे हाताने जुळवा.

ओसरी_कसबा
आठ दिवसांनी लिहितेय. डिफरन्समध्ये झोपाळा दीड पिक्सेल सरकलेला निघाला, दुरुस्त केला. धूप काकांच्या खोलीत शूट केला, चौदाव्या वेळी हवा तसा पदर मिळाला. आधी खांद्यावरचं उपरणं जातं, मग पाठ, मग चेहरा. हात कडीवर जवळजवळ एक सेकंद एकटा राहतो. मागे भिंतच आहे, त्यामुळे उलटा तुकडा कळत नाही.

काल रात्री आईला लॅपटॉपवर दाखवलं. या वेळी ती उठली नाही. झोपाळा हलला तेव्हा म्हणाली, "परत लाव." तीनदा बघितलं.

मोठ्या पडद्यावर धूर थोडा जास्त वाटेल का, एवढंच विचारायचं राहिलं. काकांकडे प्रोजेक्टर आहे.

धूपछाव
खोलीत पूर्ण अंधार नसेल तर उलट कमी वाटेल. त्याच प्रोजेक्टरवर, त्याच खोलीत, त्याच वेळी एकदा लावून बघा आणि मग धुराच्या मर्जचा ब्लेंड (धूर किती दिसावा ते) ठरवा.