‘पालक वकिली’ म्हणजे काय रे भाऊ?

कानामात्रा

सरकारी शाळांतल्या पालकांसाठी एक चारपानी पत्रक इंग्रजीतून मराठीत आणते आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी काय करायचं, हा विषय. दोन शब्दांवर गाडी अडली: ‘पेरेंट अ‍ॅडव्होकसी’ (पालकांनी मुलांच्या बाजूने बोलणं, काम होईपर्यंत मागे लागणं) आणि ‘फॅमिली एंगेजमेंट’ (घरच्यांनी शाळेच्या कामात सामील असणं). आधीच्या कुणीतरी केलेला मसुदा हाती आलाय, त्यात ‘पालक वकिली’ आणि ‘कौटुंबिक प्रतिबद्धता’ असं ठोकून दिलंय. परवा दहाबारा आयांना तो वाचून दाखवला. पहिल्याच पानावर एकीने विचारलं, “म्हंजे वकील लावायचा का? त्याचे पैसे कुणी द्यायचे?” प्रतिबद्धतेवर कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणजे ती डोक्यावरून गेली. सुचवा काहीतरी.

चकटफू पंडित

प्रतिबद्धता हिंदीतून आलेली पाहुणी आहे, तिला मानाने परत पाठवा. मराठीत बांधिलकी आहे, पण ती मनातल्या मनातही असू शकते. इथे शाळा आणि घर यांच्यात ये-जा हवी. ‘एंगेजमेंट’ तसंच ठेवलंत तर बायका साखरपुडा कुणाचा म्हणून विचारतील.

‘वकिली’ मुळात चूक नाही. वकील अरबी, ज्याच्यावर काम सोपवलं तो. पेशव्यांचे वकील दरबारोदरबारी बसलेले असत, ते काही खटले चालवत नव्हते. पण इंग्रजी अमलात हा शब्द जो कोर्टात गेला तो परत आलाच नाही. संस्थांच्या अहवालांत ‘जनवकिली’ दिसतो. बाहेर कुणाच्या तोंडी मी तरी ऐकला नाही.

‘कैवार’ माझा लाडका. अडचण अशी, की कैवार दुसऱ्याचा घ्यायचा असतो. आईने स्वतःच्या पोराचा कैवार घेतला म्हटलं की शेजारणीशी जुंपलेलं भांडण दिसतं, आणि पोराचं चुकलेलं असतं. सगळ्या वर्गासाठी बोलणाऱ्या आईला मात्र ‘मुलांची कैवारी’ शोभेल.

‘पैरवी’ फारसी. पै म्हणजे पाऊल. पावलावर पाऊल टाकत मागे जाणं. हिंदीत चालतो, आपल्याकडे उपराच.

हजेरीपट

पंडित, एवढं लांब कशाला जाता? शब्द रोजच्या वापरातला आहे: पाठपुरावा.

मी तीन वर्षं एका शाळेच्या समितीत होतो. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं. पहिल्या बैठकीत तोंडी सांगितलं, “बघू” असं उत्तर मिळालं. दुसऱ्या बैठकीत परत सांगितलं. इतिवृत्त उघडून पाहिलं तर दोन्ही महिन्यांत एकच ओळ: ‘विविध विषयांवर चर्चा झाली.’ तिसऱ्या बैठकीत एक आई, सातवी शिकलेली, म्हणाली, “चर्चा नको, ठराव लिहा. मी सूचक, ही अनुमोदक.” ठराव लिहिला गेला. त्याची नक्कल जोडून एक अर्ज ग्रामपंचायतीत, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. आमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ती बाई खिडकीवरून हलली नाही. पुढे दर खेपेला आम्ही फक्त तो आवक क्रमांक सांगायचो. सात महिन्यांनी टाकी आली. नळ बसायला आणखी एक पावसाळा गेला, ते सोडा.

याला अ‍ॅडव्होकसी म्हणतात हे आज कळलं. आम्ही म्हणायचो, “पाण्याचा पाठपुरावा कुठवर आला?”

चकटफू पंडित

हजेरीपट, तुम्ही जिंकलात. आणि गंमत बघा. पैरवी म्हणजे पावलावर पाऊल टाकणं, पाठपुरावा म्हणजे पाठ पुरवणं. दोन भाषांनी एकच चित्र काढलंय: पुढे चाललेला साहेब आणि मागे लागलेला माणूस. आणखी एक. ‘तक्रार’ अरबीत म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. तुम्ही तीन महिने तेच ते सांगत होतात, ती शब्दशः तक्रार!

सातासमुद्रापार

एंगेजमेंटबद्दल. अमेरिकेत या शब्दाची अदलाबदल खुद्द कायद्यात झाली आहे. २००१ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यात कलमाचा मथळा ‘पेरेंटल इन्व्हॉल्व्हमेंट’ होता. २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यात तिथे ‘पेरेंट अँड फॅमिली एंगेजमेंट’ आलं. गरीब मुलांसाठीच्या केंद्रीय निधीतून ज्या शाळा-जिल्ह्याला ५ लाख डॉलरच्या वर रक्कम मिळते, त्याने किमान १ टक्का या कामासाठी बाजूला काढायचा. म्हणजे शब्दामागे पैसेही आहेत. इन्व्हॉल्व्हमेंट म्हणजे शाळेने बोलावलं आणि तुम्ही गेलात. एंगेजमेंटमध्ये काय करायचं हे ठरवतानाच तुम्ही असायला हवं, असा फरक इथले लोक सांगतात. शिवाय पेरेंटच्या शेजारी फॅमिली आली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पाटीपेन्सिल

ती फॅमिली आपल्या ‘पालक’मध्ये आधीपासून आहे! संस्कृत पाल् म्हणजे राखणं. जो राखतो तो पालक, ज्याला राखायचं तो पाल्य. जन्म दिला पाहिजे अशी अट शब्दात नाही. इंग्रजीला मात्र दोन शब्द लागतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पेरेंट म्हणजे जन्मदाते, सावत्र किंवा दत्तक आई-वडील अशी व्याख्या करतो, आणि मुलाचा सांभाळ ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी गार्डियन वेगळा ठेवतो. १९५६ च्या हिंदू कायद्यातलं ‘पालकत्व’ हे या गार्डियनच्या अर्थाचं. शाळेत मात्र आपण दोघांना एकाच शब्दात बसवतो, आणि ते बरं आहे. आईवडील ऊसतोडीला गेलेले, मूल आजीजवळ; बैठकीला आजी आली तर ती पालकच. फक्त पत्रकात तसं स्पष्ट लिहा, नाहीतर “आई-बाबांना पाठवा” म्हणून तिला दारातूनच परत धाडतील.

(पालकमंत्रीही आठवले. ध्वजवंदनाला यायचं आणि आढावा घ्यायचा. शाळेतल्या पालकाकडून पहिल्याचीच अपेक्षा असते, दुसऱ्याची नाही.)

माझं म्हणणं, नामांपेक्षा क्रियापदं बघा. शाळेची कुठलीही सूचना काढा: पालकांनी उपस्थित राहावे, सहकार्य करावे, नोंद घ्यावी. आता शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ काढा. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, ५० टक्के स्त्रिया. आणि कामं काय, तर शाळेच्या कामकाजावर देखरेख करणं, विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं, अनुदान कसं खर्च होतं त्यावर लक्ष ठेवणं. कायद्याने दिलेली क्रियापदं सूचनाफलकावर येईपर्यंत गळून जातात. ‘सहभाग’ही असाच पोकळ झालाय. अहवालात ‘८० पालक सहभागी झाले’ म्हणजे ८० जण आले, बसले, चहा पिऊन गेले.

हजेरीपट

आणि सह्या केल्या. आमच्या रजिस्टरात सह्या आधी व्हायच्या, वरची जागा कोरी. ते थांबवायला पाण्यापेक्षा जास्त दिवस लागले, आणि त्यात वाईटपणाही आला.

कानामात्रा

मग ‘निवेदन’ कसा वाटतो? ‘पालकांनी निवेदन द्यावे’?

चकटफू पंडित

त्या शब्दाची रया गेलीय. निवेदन देतानाचा फोटो निघाला की काम संपतं. एके काळी वजन होतं. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलं ते निवेदनच. महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, असा सरळ हिशेब मांडून त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा म्हटलं. (पाटीपेन्सिल यांच्या व्याख्येप्रमाणे ते पालकही ठरतात, त्यांचा मुलगा यशवंत दत्तक होता.) धोरणासाठी मुलांचा कैवार घेणं ते हेच. पण पत्रकात ‘निवेदन’ लिहिलंत तर बायका विचारतील, फोटोला कुणाकुणाला बोलवायचं.

कानामात्रा

काल नवा मसुदा वाचून दाखवला. ‘वकिली’ आणि ‘प्रतिबद्धता’ दोन्ही काढून टाकले. शीर्षक: ‘मुलांसाठी बोला, पाठपुरावा करा’. एंगेजमेंटसाठी एक शब्द शोधायचा नाद सोडला आणि वाक्य लिहिलं: ‘शाळेचं ठरवताना घरच्यांनाही विचारलं पाहिजे. आजी, मामा, मोठी बहीण, जे कुणी मूल सांभाळतं ते पालक.’ स्वतःच्या मुलाबद्दल बोलायचं असेल तिथे ‘बाजू मांडा’, सगळ्यांच्या मुलांबद्दल तिथे ‘ठराव मांडा’. ‘पोच’ शब्द समजावून सांगावा लागला नाही, उलट गेल्या वेळच्याच बाईंनी विचारलं, “आन् पोच दिलीच न्हाई तर?” हजेरीपट, हे उत्तर तुमच्याकडून हवंय.

हजेरीपट

टपालाने पाठवा, पोचपावतीसह. पावती घरी ठेवा, शाळेच्या कपाटात नाही.